गावी एकटे राहणारे आई-वडील आणि १०८: घरच्यांनी काय धरून चालावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत दोघंच राहतात. वडील ७४ वर्षांचे, मधुमेह आहे आणि काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. मुलगा ठाण्यात, मुलगी बंगळूरला. रात्री-अपरात्री काही झालं तर १०८ वर विसंबायचं, शेजाऱ्याची गाडी काढायला सांगायची, की वर्षाचे पैसे भरून एखाद्या खाजगी अँब्युलन्स सेवेचं सदस्य व्हायचं? आणि १०८ म्हणजे दवाखान्यापर्यंत नेणारी फुकट गाडी, एवढंच का?

मी आयुर्वेदाचा पदवीधर डॉक्टर आहे. दक्षिण कोकणात १०८ च्या गाडीवर बरीच वर्षं काम केलं आणि आता एका रुग्णालयाच्या अपघात विभागात आहे. त्यामुळे रुग्ण गाडीतून आणून सोपवणं आणि आलेला ताब्यात घेणं, ही दोन्ही कामं मी केली आहेत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. देशात १०८ ची सुरुवात २००५ साली हैदराबादेत झाली. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये आली, ती ९३७ गाड्या घेऊन. त्यांतल्या २३३ गाड्या अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाचा मॉनिटर आणि शॉक देण्याचं यंत्र असलेल्या. उरलेल्या ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. बऱ्याच राज्यांत १०८ वर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्रात ही योजना उभी राहिली ती गाडीवर डॉक्टर ठेवूनच. घरच्यांच्या दृष्टीने या सेवेचं सगळं मोल इथे आहे. उपचार दवाखान्याच्या पायरीवर सुरू होत नाहीत, तुमच्या पडवीत सुरू होतात.

तुमच्या वडिलांचंच उदाहरण घेऊ. मधुमेहाची गोळी घेणारा माणूस रात्री नीट जेवला नाही आणि पहाटे घामाने डबडबला. असंबद्ध बोलतोय, हात सैल पडलाय. घरच्यांना वाटतं अर्धांगवायू झाला. गाडी करून त्यांना तासाभराच्या प्रवासाला नेलं, तर तेवढा वेळ मेंदू साखरेवाचून राहतो. गाडीवरचा डॉक्टर आल्या आल्या बोटातून थेंबभर रक्त घेतो, साखर चाळिशीत दिसली की शिरेतून ग्लुकोज देतो, आणि थोड्याच वेळात तो माणूस स्वतःचं नाव सांगतो. तरीही आम्ही रुग्णालयात चला म्हणतो आणि नेमका तिथेच घरच्यांशी वाद होतो, कारण समोर बरा झालेला माणूस दिसत असतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल दिवसभर टिकू शकतो, साखर पुन्हा उतरते. अशा वेळी ‘आता बरे आहेत, राहू दे’ म्हणून सही करून गाडी परत पाठवू नका. मला सगळ्यात जास्त काळजी याच सहीची वाटते.

दुसरं मोल कुटुंबांच्या सहसा लक्षात येत नाही: कुठे न्यायचं, याचा निर्णय. माता-आरोग्याच्या क्षेत्रात तीन विलंबांची मांडणी जुनी आहे. घरी निर्णय घ्यायला लागलेला उशीर, रुग्णालय गाठायला लागलेला उशीर, आणि तिथे गेल्यावर योग्य उपचार मिळायला लागलेला उशीर. ती बाळंतिणींसाठी मांडली गेली, पण छातीत दुखणाऱ्या वडिलांना आणि फुरसं चावलेल्या पोरालाही तंतोतंत लागू पडते. खाजगी गाडीने निघालेलं कुटुंब आधी ओळखीच्या डॉक्टरकडे जातं, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, आणि तिथे कळतं की पुढच्या उपचारासाठी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा घाट चढून कोल्हापूरला जावं लागेल. प्रत्येक दारात नव्याने सगळं सांगणं, नवा केसपेपर, नवी चिठ्ठी. अंतराने जितका वेळ जातो त्याहून जास्त वेळ या थांब्यांमध्ये जातो.

गाडीवरचा डॉक्टर यातले काही थांबे वगळू शकतो. आज कुठल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ हजर आहे, कुठला व्हेंटिलेटर रिकामा आहे, सिटी स्कॅन कुठे चालू आहे, याची त्याला रोजच्या कामातून कल्पना असते आणि वाटेतून तो पुढे फोन करू शकतो. रुग्ण दारात पोचतो तेव्हा आत स्ट्रेचर तयार असतं. गोव्यात हृदयविकारासाठी अशीच साखळी बांधली आहे: लहान सरकारी केंद्रात ईसीजी काढायचा, तो तज्ज्ञांकडून लगेच वाचून घ्यायचा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग बांबोळीला हलवायचं. सावंतवाडी-दोडामार्गकडचे रुग्ण वर्षानुवर्षं बांबोळीला जातात, त्यामुळे सीमेच्या अलीकडे राहणाऱ्यांनीही हे माहीत करून घेतलेलं बरं. हे इंजेक्शन जितकं लवकर तितकं हृदयाचं स्नायूबळ वाचतं. मोठं रुग्णालय लांब आहे म्हणून ते टोचायचं थांबवायचं नसतं.

मात्र गाडी रुग्णाला जवळच्या योग्य रुग्णालयात नेते, तुमच्या पसंतीच्या नाही. वडिलांची अँजिओप्लास्टी कोल्हापूरच्या एखाद्या खाजगी रुग्णालयात झाली असेल, तर तुम्हाला सरळ तिथेच जावंसं वाटेल. रक्तदाब ७० पर्यंत घसरलेला माणूस फोंडा घाटातून तसाच वर न्यायचा नसतो. आधी जवळ स्थिर करायचा, मग हलवायचा. या वादात ओट्यावर पंधरा-वीस मिनिटं गेलेली मी पाहिली आहेत, आणि बोलणारे सगळे त्या माणसावर जीव लावणारेच असतात. म्हणून हा निर्णय शुद्धीत आणि शांतपणे, आधीच करून ठेवा: पहिला मुक्काम कुठला, दुसरा कुठला, आणि फोनवर अंतिम शब्द कुणाचा. दोन भावंडांनी दोन शहरांतून दोन सूचना देऊ नयेत.

आता पहिला विलंब, घरातला. तो कुठलीही सेवा कमी करू शकत नाही. छातीत जड वाटतंय, तर आधी गॅस झाला म्हणून ओवा, मग सोडा, मग थोडं पडून बघू, मग एवढ्या रात्री कुणाला त्रास कशाला द्यायचा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःसाठी कुणाला उठवणं अपराधासारखं वाटतं. मुलांना फोन केला तर ती काळजी करतील, म्हणून तेही नाही. त्यात मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका न दुखताही येऊ शकतो. नुसता घाम, दम, मळमळ, विचित्र थकवा, एवढंच दिसतं. वडिलांना हे तुम्ही स्वतः समजावून सांगा, आईला त्यांच्याहून जास्त, कारण फोन तीच करणार आहे. घाम आणि दम एकत्र दिसले, तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं जड झालं, माणूस हाकेला ओ देत नाही, तर मुलाला फोन करायच्या आधी १०८. हा क्रम तिच्याकडून वदवून घ्या.

अर्धांगवायूत आणखी एक गोष्ट विचारली जाते आणि घरचे तिथे गडबडतात: शेवटचे धड कधी पाहिले होते? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सिटी स्कॅन लागतो. पहाटे पाचला लक्षात आलं म्हणजे पाचला झालं असं नाही. रात्री साडेतीनला लघवीला उठले तेव्हा नीट चालत होते, हे आईला आठवलं तर साडेतीन ही वेळ धरली जाते. ती कागदावर लिहा. त्या एका आकड्यावर उपचाराची दिशा ठरते.

फोन कसा करायचा, हे जरा खोलात सांगतो, कारण बाहेरगावी असलेल्या मुलांची इथे मोठी गैरसमजूत असते. महाराष्ट्रातल्या १०८ चे फोन पुण्यातल्या एकाच नियंत्रण कक्षात जातात. म्हणून तुम्ही ठाण्यातून १०८ फिरवून कुडाळच्या वाडीचा पत्ता सांगितलात तरी तिथली गाडी निघू शकते. तुमच्या बहिणीने बंगळूरहून फिरवला तर तो कर्नाटकच्या कक्षात लागेल, सिमकार्ड महाराष्ट्राचं असलं तरी. परदेशातून हा आकडा लागत नाही. म्हणजे बहिणीने आधी तुम्हाला किंवा वाडीतल्या कुणाला फोन करायचा, हे आत्ताच ठरलेलं हवं. सीमेजवळच्या गावांत कधी फोन पलीकडच्या राज्याच्या टॉवरवर जातो. तिथे पहिलं वाक्य राज्य आणि जिल्हा हेच असू द्या.

पलीकडचा माणूस जिल्हा, तालुका, गाव, खूण, काय झालं आणि रुग्ण किती, एवढं विचारतो. लोकांना वाटतं हा प्रश्न विचारत बसलाय आणि गाडी थांबलीय. पण कुठली गाडी पाठवायची, बेसिक की अ‍ॅडव्हान्स, हे त्याच उत्तरांवर ठरतं. नंतर गाडीवरच्या डॉक्टरचा तुम्हाला फोन येतो. तो उचलायला हवा. दुर्दैवाने त्याच वेळी घरचे सगळ्या नातेवाइकांना कळवत असतात आणि आमचा फोन लागत नाही. एक फोन फक्त गाडीसाठी मोकळा ठेवा.

कोकणात पत्ता सांगणं हे वेगळंच काम आहे. एका गावात बारा वाड्या, एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं. ‘सातेरीच्या देवळाकडे या’ म्हटलं की त्या आडनावाचे सगळे समजतात, पण शेजारच्या तालुक्यातून आलेल्या चालकाला ते कळत नाही. डांबरी रस्त्यावर जिथून वाडीची वाट फुटते त्या तिठ्यावर कुणीतरी बॅटरी घेऊन उभं राहिलं, तर आमची बरीच मिनिटं वाचतात. पाणंदीतून मोठी गाडी आत येत नसेल, साकवावरून जाणार नसेल, तर तेही फोनवरच सांगा, म्हणजे स्ट्रेचर घेऊन चालत यायची आमची तयारी राहील आणि तुम्ही चार धडधाकट माणसं गोळा करून ठेवाल.

गाडी येईपर्यंतचा वेळ हा रुग्णाच्या आयुष्यातला सगळ्यात महाग वेळ असतो, आणि तो सर्वस्वी घरच्यांच्या हातात असतो. शहरात २० मिनिटं आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचावं असं उद्दिष्ट आहे. पावसाळ्यात, दरड आलेली असताना, किंवा जवळची गाडी आधीच ओरोसला रुग्ण घेऊन गेलेली असताना याहून जास्त लागतात, हे मी लपवणार नाही. हृदय थांबलेल्या माणसाला छातीवर दाब मिळाले नाहीत तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे आम्ही १५ मिनिटांत पोचलो, तरी त्या १५ मिनिटांत कुणी हात लावला नसेल तर आमचं शॉक देण्याचं यंत्र बहुधा निरुपयोगी ठरतं. ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असा माणूस असेल तर त्याला पलंगावरून खाली टणक जमिनीवर घ्या, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा, कोपर ताठ, आणि किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल असे मिनिटाला १०० ते १२० दाब द्या. मधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. थकलात की दुसऱ्याने लगेच जागा घ्यायची. ६८ वर्षांच्या आईला हे एकटीला झेपणार नाही, म्हणून शेजारच्या दोन तरुणांना शिकवून ठेवा. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नका.

छातीत दुखत असेल तर वडिलांना चालवू नका, जिना उतरवू नका, अर्धवट बसतं करून टेकवा. ॲस्पिरिन चावून द्यायची की नाही, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून आजच लिहून घ्या, कारण ते आधीच रक्त पातळ करणारी गोळी घेत असणार. शेजाऱ्याच्या घरची सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी) मात्र बीपी न मोजता जिभेखाली ठेवू नका. आधीच घसरलेला रक्तदाब तिने आणखी कोसळतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, कांदा काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि तोंड मोकळं ठेवायचं.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. नारळावरून, आंब्यावरून, सुपारीच्या झाडावरून पडलेला माणूस चौघांनी हातपाय धरून उचलला की मणक्याची इजा वाढू शकते. हातपाय हलवता येणारा माणूस कायमचा लुळा पडू शकतो. तो शुद्धीत असेल, श्वास घेत असेल तर तिथेच राहू द्या, मान हलू देऊ नका, आम्ही कॉलर आणि फळी घेऊन येतो. दुसरं म्हणजे सर्पदंश. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला अवयव काठीला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या. फुरसं चावल्यावर माणूस पहिले काही तास चांगला दिसू शकतो, आणि मग हिरड्यांतून रक्त येतं. रुग्णालयात काचेच्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का पाहतात. ते प्रतिविष देण्याचा निर्णय करायला मदत करतं. प्रतिविष साधारणपणे रुग्णालयात असतं, गाडीत नाही. म्हणून गाडीला उशीर आहे असं कळलं तर सर्पदंशात वाट पाहू नका. मोटरसायकलवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून निघा आणि प्रतिविष आहे का हे पुढे फोन करून विचारा.

इथूनच शेजाऱ्याच्या गाडीचा प्रश्न सुटतो. वाहता रक्तस्राव दाबून थांबलाय, रुग्ण शुद्धीत आहे, रुग्णालय दहा मिनिटांवर आणि अँब्युलन्स चाळीस मिनिटांवर आहे, तर शेजाऱ्याच्या गाडीने निघा, पण १०८ रद्द करू नका. डॉक्टरला फोनवर सांगा, वाटेत एखाद्या तिठ्यावर भेट ठरवता येते. छातीत दुखणं, दम, बेशुद्धी, झटके, उंचावरून पडणं यांत शक्य तोवर आमची वाट पाहा. साधा ताप, तीन दिवसांचा खोकला, ठरलेली डायलिसिसची फेरी यांसाठी १०८ बोलवू नका. त्या वेळी दुसऱ्या वाडीत एखादं मूल बुडालेलं असू शकतं. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ ही वेगळी मोफत सेवा आहे. आग किंवा पोलिसांचं काम असेल तर ११२.

महामार्गावर अनोळखी माणूस पडलेला दिसला तर मदत करायला लोक अजूनही घाबरतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. आपल्या वडिलांना उद्या रस्त्यावर अनोळखी माणसानेच उचलायचं आहे.

खाजगी सदस्यत्वाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ठाण्यात किंवा पुण्यात त्याचा उपयोग होऊ शकतो. कुडाळच्या वाडीसाठी पैसे भरण्याआधी विचारा: तुमची गाडी रात्री दोनला प्रत्यक्ष कुठे उभी असते? गाडीवर कोण असतं, डॉक्टर, प्रशिक्षित तंत्रज्ञ की फक्त चालक? मॉनिटर आणि शॉकचं यंत्र आहे का, की व्हॅनमध्ये ऑक्सिजनचं एक सिलिंडर ठेवून त्यालाच कार्डिअ‍ॅक अँब्युलन्स म्हणताय? उत्तर गोलमोल आलं तर ते पैसे एका चांगल्या बीपी यंत्रावर, ग्लुकोमीटरवर आणि वाडीतल्या दोन पोरांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणावर खर्च करा. जिल्ह्याबाहेर ठरवून हलवण्यासाठी चांगली खाजगी गाडी लागते, त्यासाठी एक-दोन खात्रीचे क्रमांक आधीच जवळ असावेत.

चवथीला गावी जाल तेव्हा एक संध्याकाळ यासाठी काढा. एका कागदावर वडिलांच्या गोळ्या आणि त्यांचे डोस, अ‍ॅलर्जी, अँजिओप्लास्टीची तारीख लिहा, शेवटचा ईसीजी त्याला जोडा आणि तो महात्मा फुले जन आरोग्य (पूर्वीच्या जीवनदायी) योजनेच्या कार्डासकट दाराच्या मागे पिशवीत लटकवा. जुना ईसीजी हातात असला की नवा बदल आहे की आधीचाच, हे आम्हाला चटकन कळतं. त्याच कागदावर वर पत्ता लिहा, जसा अनोळखी चालकाला सांगाल तसा: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, तिठा, तिथून किती अंतर, उजवीकडे की डावीकडे. मग आईला तो कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला सांगा, आणि चष्म्याशिवाय वाचता येत नसेल तर मोठ्या अक्षरात पुन्हा लिहा.